नवं मॉडेल दारात असताना

लॅपटॉप घेताना मी दुकानदाराला दोन प्रश्न स्पष्ट विचारले होते. याच्या पुढचं मॉडेल लवकर येणार आहे का? आणि नंतर रॅम वाढवता येईल ना? पहिल्यावर तो म्हणाला, ‘छे हो ताई, हे लेटेस्टच आहे.’ दुसऱ्यावर, ‘कधीही घेऊन या, दोन-अडीच हजारांत वाढवून देतो.’ लेक शेजारीच उभी होती, तिनेही हे ऐकलं.

2024 चा पावसाळा, इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष आणि 45 हजारांच्या आत बसवायचं गणित. डोंबिवलीतलंच दुकान निवडलं, कारण काही झालं तर माणूस जवळ असावा.

8 जीबी रॅम. ब्राउझर, व्हिडिओ लेक्चर आणि कोडिंगचं सॉफ्टवेअर एकदम उघडलं की मशीन अडकायचं. रॅम वाढवायला गेलो, तर ‘पार्ट मागवलाय’, मग ‘पुढच्या आठवड्यात या’. शेवटी लेकीच्या मैत्रिणीने सांगितलेल्या एका रिपेअरवाल्याकडे नेलं. त्या मुलाने मागचं झाकण उघडलं, टॉर्च मारला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. ‘काकू, स्लॉटच नाहीये. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. ही कधीच वाढणार नाही.’ त्याने पैसेही घेतले नाहीत. मी मात्र तिथेच उभी राहिले. ‘पार्ट मागवलाय’ म्हणणाऱ्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे तेव्हा लक्षात आलं.

घरी येऊन खोका काढला. त्यावर छापलेला महिना वर्षाहून जुना. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकला, तर वॉरंटी आमच्या बिलाच्या कितीतरी आधी सुरू झालेली. त्याच सुमारास दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर नवी मॉडेलं झळकली आणि आमचंच मॉडेल ‘स्टॉक क्लिअरन्स’मध्ये, सहा हजारांनी स्वस्त.

मी बिल घेऊन गेले. त्याने मोबाइलमधून मान वर केली नाही. ‘ताई, इलेक्ट्रॉनिक्समध्ये रोज नवीन येतं. तेव्हा बघून घ्यायचं होतं.’ रॅमचं विचारलं, तर ‘मी असं बोललोच नाही.’ दुकानात गिऱ्हाईकं होती, म्हणून मला चहा विचारला. मला चहा नको होता, मला उत्तर हवं होतं. आजही त्या गल्लीतून जाताना माझा संताप होतो.

जुनं मॉडेल घेण्यात काहीच वाईट नाही. उलट पैसे मोजके असतील तर नवं येण्याच्या तोंडावर जुनंच घ्यावं, पण जुन्याच्या भावात. बड्या कंपन्या दर जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात नवी मॉडेलं दाखवतात आणि ती आपल्याकडच्या दुकानांत पोचायला काही महिने लागतात. दुकानदाराला हे माहीत असतं, त्याला गोदाम रिकामं करायचं असतं. त्याची ही गरज आपल्या खिशाच्या कामी यायला हवी. मी तर म्हणेन, निदान दहा टक्के उतरल्याशिवाय जुन्याला हात लावू नका.

प्रोसेसरचा नुसता ‘फाइव्ह’ ऐकून मान डोलावू नका, पूर्ण नंबर वाचा. इंटेलच्या आय5-1235यू मधले 12 म्हणजे बारावी पिढी, 1335यू म्हणजे तेरावी. 2024 मध्ये आलेल्या कोअर 5 120यू चं नाव नवं असलं तरी घडण तेराव्या पिढीचीच आहे. एएमडीच्या 7000 मालिकेत तिसरा आकडा बघायचा, तशी फोड कंपनीनेच 2022 मध्ये जाहीर केली होती. रायझन 5 7520यू मध्ये तो 2 आहे, म्हणजे झेन 2, ही 2019 ची रचना आणि चार कोअर. 7530यू मध्ये 3 आहे, म्हणजे झेन 3 आणि सहा कोअर. नंबरात दहाचा फरक, मशीनमध्ये केवढा तरी! आणि रॅमपुढे ‘एलपीडीडीआर’ किंवा ‘ऑनबोर्ड’ लिहिलं असेल, तर या किमतीच्या लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच जोडलेली असते हे धरून चाला. रिकामा स्लॉट आहे का, ते कंपनीच्या साइटवर त्या मॉडेल नंबरखाली पाहा. हे न जमल्यास सरळ 16 जीबीचा घ्या.

बाकी नेहमीचंच: घाई नको, चार ठिकाणी भाव विचारा, पक्कं बिल घ्या. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर दोन्ही हवेत. आमच्याकडे ते होते म्हणून वॉरंटीची तारीख तरी कंपनीने बिल पाहून दुरुस्त करून दिली. खोक्यावरची तारीख पैसे देण्याआधी वाचा. दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, पण तिथेही कागद लागतो. तोंडी शब्दाचा, लेक साक्षीदार असूनही, मला उपयोग झाला नाही.

म्हणून यंदा जाऊबाईंच्या मुलासाठी लॅपटॉप बघायला गेलो, दुकान अर्थातच दुसरं, तेव्हा विक्रेत्याने ‘रॅम वाढते’ म्हटल्याबरोबर मी म्हटलं, ‘हेच बिलावर लिहून सही द्या.’ तो आत जाऊन कोणाशी तरी बोलला. परत आला तो दुसरा लॅपटॉप घेऊन. ‘मॅडम, त्याला स्लॉट नाही. याला आहे.’

तो घेतला.