हाडांचा ठिसूळपणा : औषध थांबले, पुढे काय?

ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडे विरळ व ठिसूळ होणे. पाळी बंद झालेल्या स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. उतारवयात पुरुषांनाही होतो. औषधाचा कोर्स संपला की आपण बरे झालो, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही.

प्रथम औषधाविषयी. आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी साधारण ५ वर्षांनंतर तपासणी करून काही काळ थांबवता येते. हे औषध हाडांत साठून राहते, म्हणून त्याचा गुण लगेच ओसरत नाही. ज्यांचा मणका किंवा खुबा मोडला आहे त्यांना ती अधिक वर्षे लागू शकते. दर ६ महिन्यांनी घ्यायच्या डेनोसुमॅब इंजेक्शनचे मात्र वेगळे आहे. ते चुकले किंवा मनानेच बंद केले तर हाडांची झीज झपाट्याने होते आणि मणके दबू शकतात. ते बंद करताना दुसरे औषध सुरू करावे लागते. तेव्हा कोणतेही औषध डॉक्टरांना विचारूनच थांबवावे.

आता व्यायाम. हाडावर भार पडला तरच ते टिकते. रोज अर्धा तास भरभर चालावे. पण नुसते चालणे पुरत नाही, स्नायूंनाही बळ हवे. आठवड्यातून २-३ दिवस पुढील व्यायाम प्रत्येकी १० वेळा करावेत :

१) खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणे.
२) हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे.
३) भिंतीला तळहात टेकून, कोपरे वाकवून भिंत ढकलणे.

तोल सुधारण्यासाठी आधाराजवळ उभे राहून १० सेकंद एका पायावर उभे राहावे. कमरेतून पुढे वाकण्याची आसने, पाठ पिळणे आणि वाकून कळशी उचलणे टाळावे. वजन उचलायचेच तर गुडघे वाकवून, अंगाजवळ धरून उचलावे. केर काढायला लांब दांड्याची झाडू घ्यावी.

आहारात रोज सुमारे १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५०, तर पेलाभर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. पेडव्यांसारखी लहान मासळी काट्यांसकट खाल्ली तर तीही उपयोगी. डाळी, कुळीथ, अंडी यांतून प्रथिने मिळतात. ड जीवनसत्त्वासाठी सकाळी दहानंतर थोडा वेळ हातापायांवर ऊन घ्यावे. ६०,००० युनिटची कॅप्सूल मात्र मनाने महिनोन्‌महिने घेऊ नये. मिश्री, तंबाखू, विडी व दारू सोडावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पडू नये. आपल्या देवगडात पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्या आणि खळे शेवाळाने निसरडे होतात. ते वेळच्या वेळी घासून काढावे. न्हाणीघरात धरायला दांडा बसवावा, रात्री उशाशी बॅटरी ठेवावी, झिजलेल्या चपला टाकून द्याव्यात. मोतीबिंदू असल्यास शस्त्रक्रिया लांबवू नये. गोळीने चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

अचानक पाठ दुखू लागली, उंची कमी झाल्यासारखी वाटली, पोक येऊ लागले किंवा मांडीत सतत ठणका राहिला तर लगेच तपासून घ्यावे. घरातील वडीलधाऱ्यांचा खुबा मोडला की साऱ्या घराची घडी विस्कटते. ते टाळण्याची सुरुवात आजच खळ्यातील शेवाळ काढण्यापासून करता येईल.