रात्री खेळत होतं, सकाळी गेलं

घरातलं मांजराचं पिल्लू एका रात्रीत गेलं आणि तेव्हापासून झोप नाही, घास उतरत नाही, छातीत धडधडतं, अशी तक्रार घेऊन माणसं दवाखान्यात येतात. पण सुरुवात पिल्लापासून कुणीच करत नाही. आधी ॲसिडिटी सांगतात, मग अशक्तपणा. औषधं लिहून झाली की उठता उठता म्हणतात, "तसं काही नाही डॉक्टर, पण घरात एक पिल्लू होतं." गोठ्यातली गाय दगावली तर आपल्या नगर जिल्ह्यात सगळी आळी भेटायला येते. दोन महिन्यांचं मांजर गेल्याचं कुणाला सांगायचं, असं या माणसांना वाटतं. लोक हसतील ही भीती असते.

आम्हाला सांगा. ही डॉक्टरला सांगायचीच गोष्ट आहे. आणि सांगाल तेव्हा तुमच्या दुःखाच्याही आधी मी एक प्रश्न विचारणार आहे: गेल्या काही दिवसांत ते पिल्लू घरात कुणाला चावलं होतं का, नखं लागली होती का?

हा प्रश्न रेबीजसाठी आहे. कुत्र्याच्या मानाने मांजरापासून रेबीज होण्याचं प्रमाण कमी आहे, पण होतो, आणि एकदा लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावलेलं कुत्रं किंवा मांजर दहा दिवस ठणठणीत राहिलं तर लसीचे पुढचे डोस थांबवण्याचा विचार करता येतो. इथे तर पिल्लूच गेलंय, तेही कशाने ते कळलेलं नाही. त्यामुळे वाट बघण्यात अर्थ नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी लस सुरू करा. चार-पाच दिवस होऊन गेले असतील तरी जा, उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. दंडाच्या स्नायूत घेतली तर पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. कातडीत घेतली तर पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही द्यावं लागतं. गरोदर बाईला आणि लहान मुलांनाही ही लस चालते. लेकराला विचारताना रागावून विचारू नका, नाहीतर मार बसेल म्हणून ते ओरखडा लपवतं. हात, पाय, मान स्वतः उजेडात नीट बघा.

आता मनाला पोखरणारा प्रश्न. काल संध्याकाळपर्यंत उड्या मारणारं पिल्लू सकाळी गार कसं पडलं? मी माणसांचा डॉक्टर, तरी पशुवैद्यक मित्रांकडून ऐकलेलं आणि वाचलेलं सांगतो, कारण हे माहीत असलं की पुष्कळ ओझं उतरतं. पिल्लांना अचानक नेणाऱ्या कारणांत पहिलं नाव पॅनल्यूकोपेनिया या विषाणूजन्य आजाराचं. कुत्र्यांच्या पिल्लांना होणाऱ्या पार्व्होचा हा भाऊबंद. यात पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होतात. उलट्या-जुलाब दिसले तर निदान आजारी आहे हे तरी कळतं. पण अतितीव्र प्रकारात काही दिसायच्या आतच, बारा-चोवीस तासांत, पिल्लू जातं. माणसाला हा आजार होत नाही.

काही पिल्लांच्या हृदयाची ठेवण जन्मतःच बिघडलेली असते किंवा हृदयाचा स्नायू जाड होत जातो. वरून काहीही कळत नाही. खेळता खेळता ठोके चुकतात आणि संपतं. पोटात जंत फार झाले की रक्त कमी होतं, हिरड्या गुलाबीच्या पांढुरक्या दिसतात. पावसाळ्यात मण्यार चावली तर दाताची खूणही सापडत नाही. कांद्याच्या, डाळिंबाच्या फवारणीतून अंगावर आलेलं औषध मांजर चाटून पोटात घेतं. उंदराच्या औषधाने मेलेला उंदीर खाल्ला तरी बाधू शकतं. आणि एक घरातलं विष, ज्याची कल्पना पुष्कळांना नसते, ते म्हणजे पॅरासिटामॉल. मांजराच्या यकृताला हे औषध पचवताच येत नाही. अंग गरम लागतंय म्हणून प्रेमाने दिलेली पाव गोळीसुद्धा पिल्लाचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांसाठीची पर्मेथ्रिन असलेली औषधंही मांजराला घातक.

आईपासून लवकर तुटलेल्या अगदी लहान पिल्लांचं आणखी वेगळं. शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाचा तो जीव पहिल्या आठवड्यात स्वतःचं अंग ऊबदार ठेवू शकत नाही. दोन-तीन वेळचं दूध चुकलं तर साखर उतरते, अंग थंड पडतं, आणि थंड अंगात दूध पचत नाही. रात्री झोपताना टोपलीत बरं होतं, पहाटे नाही, असं याच वयात जास्त होतं.

नक्की कारण हवंच असेल तर शवविच्छेदन हा एक मार्ग आहे. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. देह प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत, बर्फाजवळ ठेवायचा, फ्रीजरमध्ये गोठवायचा नाही, आणि एका दिवसाच्या आत न्यायचा. उघड्या हातांनी धरू नका. पण उघडून पाहिल्यावरही बऱ्याचदा ठाम उत्तर मिळत नाही, याची मनाची तयारी ठेवा. मांजरं आजार लपवतात. शिकार करणारा आणि शिकार होणारा असा दोन्हीकडचा हा प्राणी, दुबळेपण दाखवणं त्याला परवडत नाही. तुम्हाला दिसलं नाही याचा अर्थ तुम्ही बघितलं नाही असा होत नाही.

कारण मिळालं नाही की रिकाम्या जागी आपण कुणालातरी उभं करतो. पहिला आरोपी आपण स्वतः. गायीचं दूध पाजलं म्हणून गेलं का, थंडीत ओट्यावर ठेवलं म्हणून गेलं का, रविवारीच डॉक्टरकडे न्यायला हवं होतं का. गायीच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात हे खरं, ते देऊ नये हेही खरं, पण धडधाकट पिल्लू त्याने एका रात्रीत जात नाही. दुसरा आरोपी शेजारी. पॅनल्यूकोपेनियाने झटकन गेलेलं पिल्लू विषबाधेसारखंच दिसतं, आणि त्यावरून गल्लीत बोलाचाली होतात, पिढ्यांचे संबंध तुटतात. विष घालून जनावर मारणं गुन्हाच आहे, पुरावा असेल तर जरूर तक्रार करा. पण तपासणीशिवाय कुणाचं नाव घेऊ नका. तिसरा आरोपी नशीब. "घरावरचं मांजरावर गेलं", "नजर लागली", "मांजराचं पाप, काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं". घरातली मोठी माणसं हे वाईट हेतूने बोलत नाहीत. पण आधीच खचलेल्या सुनेवर किंवा शाळकरी मुलीवर त्याचा जो भार पडतो तो मी ओपीडीत पाहतो. आजाराने गेलेल्या पिल्लाचं पाप कुणाच्याही माथी नाही, हे घरातल्या ज्येष्ठांनीच मोठ्याने म्हणावं अशी माझी विनंती आहे. त्यांच्या तोंडून ते जास्त पटतं.

"एका मांजरासाठी काय एवढं?" असं विचारणाऱ्यांना मी नेवासा तालुक्यातल्या वाकडीची आठवण करून देतो. 2024 च्या गुढीपाडव्याला, 9 एप्रिलला, शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. पाच जणांचा जीव गेला. कमरेला दोर बांधून उतरलेला सहावा तेवढा वाचला. मांजराचा जीव माणसांना किती लागतो हे आपल्याच जिल्ह्याने इतक्या भयंकर रीतीने पाहिलंय. त्या पाच जणांना कुणी वेडं म्हणू नये. आणि डॉक्टर म्हणून हेही इथेच सांगायला हवं की शेणाच्या खड्ड्यात साठणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने आधी वास कळणंच बंद होतं आणि जास्त प्रमाणात असेल तर दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. अशा खड्ड्यात कुणीही उतरायचं नाही, आत पडलेल्या माणसाला काढायलाही नाही. 112 ला फोन करा, अग्निशमन दल बोलवा.

दुःखाचं शरीरात काय होतं तेही सांगतो. पहिले काही दिवस झोप मोडते, भूक मरते, पायात घोटाळल्याचा भास होतो, रात्री म्याऊ ऐकू येतं. हे वेड लागल्याचं लक्षण नाही. वाटी उचलवत नाही, टोपली हलवावीशी वाटत नाही, तर राहू द्या चार दिवस. मात्र मधुमेहाच्या पेशंटनी एक सांभाळायचं: जेवण नाही आणि इन्सुलिन किंवा गोळी मात्र नेहमीएवढी, असं झालं तर साखर धोकादायक उतरते. घास जात नसेल तर डॉक्टरांना फोन करून डोस विचारा. बीपीची गोळी चुकवू नका. झोपेची गोळी शेजारणीकडून मागून घेऊ नका, आणि दुःख दारूत बुडवू नका.

छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटला तर "मनाला लागलंय" म्हणून घरी बसू नका. धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगून दुबळा होतो, अशी अवस्था जपानी डॉक्टरांनी 1990 मध्ये वर्णन केली. ताकोत्सुबो तिचं नाव. लक्षणं हार्ट ॲटॅकसारखीच. अमेरिकेतल्या टेक्सासच्या एका महिलेला तिची कुत्री गेल्यानंतर हेच झालं आणि 2017 मध्ये तिची केस न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. ताकोत्सुबो आहे की खरा ॲटॅक, हे तुम्ही घरी ठरवू शकत नाही. ईसीजी काढा.

पुण्या-मुंबईला किंवा परदेशात मुलं असलेल्या एकट्या आजी-आजोबांची मला जास्त काळजी वाटते. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं घरात तेवढंच असतं. त्यांच्या मुलांनी फोनवर "दुसरं आणू" म्हणायची घाई करू नये. "कसं होतं ते सांगा" एवढं म्हणावं आणि ऐकावं. दोन आठवड्यांनंतरही कामात लक्ष नाही, कुणाला भेटावंसं वाटत नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर थांबू नका. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात आणा.

मुलांना खरं सांगा. "झोपलंय" म्हटलं तर पोर झोपायला घाबरतं. "मळ्यात सोडलं" म्हटलं तर रोज मळ्यात शोधत बसतं. "पिल्लू मेलं, त्याचं शरीर थांबलं, ते आता परत येणार नाही," असं साध्या शब्दांत सांगा. मग आवर्जून विचारा, "तुला वाटतं का तुझ्यामुळे गेलं?" मी जोरात धरलं म्हणून, मी ओरडलो म्हणून, असं काहीतरी पुष्कळ मुलांच्या मनात असतं आणि विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. पुरताना मुलांना सोबत घ्या. खड्डा विहीर-बोअरपासून लांब आणि चांगला तीन फूट खोल घ्या, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत.

घरात दुसरी मांजरं असतील तर त्यांना लगेच पशुवैद्याकडे न्या. नवं पिल्लू आणायचं असेल तर आधी घर साफ करा, कारण पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू घरात वर्षभरही टिकतो आणि फिनेलने मरत नाही. उलट फिनेल मांजरांना विषारी आहे. भांडी आणि फरशी आधी साबणाने धुऊन एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या मिश्रणाने दहा मिनिटं ओली ठेवा, मग स्वच्छ पाण्याने पुसून घ्या. कापडी टोपली आणि अंथरूण टाकून द्या. नंतर आणाल त्या पिल्लाला पहिली लस सहा ते आठ आठवड्यांचं असताना द्या, मग सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, आणि तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस. डोस पूर्ण होईपर्यंत त्याला बाहेरच्या मांजरांत सोडू नका.