सागराचे थर आणि त्यांतील जीवसृष्टी

किनाऱ्यावरून पाहणाऱ्यास समुद्र एकसंध भासतो. वस्तुतः खोलीनुसार त्याचे निरनिराळे थर असून प्रत्येकातील प्रकाश, तापमान, दाब व जीवसृष्टी भिन्न आहे. सागराची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर असून दर १० मीटर खाली गेल्यावर सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो.

पृष्ठभागापासून २०० मीटरपर्यंतचा थर प्रकाशमय होय. येथे वनस्पती-प्लवक सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात. त्यांवर प्राणी-प्लवक, त्यांवर लहान मासे व लहान माशांवर मोठे मासे जगतात. २०० ते १,००० मीटरपर्यंत अंधुक प्रकाश असतो. अरबी समुद्रात विपुल असणारे, अंगावर प्रकाशमान ठिपके धारण करणारे कंदीलमासे दिवसा येथे राहतात व रात्री अन्नासाठी वर येतात. त्याखाली ४,००० मीटरपर्यंत निबिड अंधार आहे. तेथील काही मासे डोक्यावरील प्रकाशमान अवयवाने भक्ष्यास भुलवितात. ४,००० ते ६,००० मीटरवरील थंड तळाच्या चिखलात समुद्रकाकड्या आढळतात. त्याहून खोल केवळ सागरी गर्ता आहेत. प्रशांत महासागरातील मारियाना गर्तेच्या सुमारे ११,००० मीटर खोल तळाशी जाक पिकार व डॉन वॉल्श हे १९६० मध्ये पोहोचले.

जेथे सूर्यकिरण पोहोचत नाहीत, तेथील जीव खातात तरी काय? वरच्या थरातील मृत जीवांचे व विष्ठेचे कण अखंड खाली झिरपत असतात. मुख्यतः त्यांवरच खालची सृष्टी जगते. १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांनजीक समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांभोवती रासायनिक द्रव्यांपासून अन्न निर्माण करणारे जीवाणू आढळले. परंतु हा अपवाद होय. सागराचे धान्यकोठार म्हणजे वरचा पातळ थरच.

आपल्या किनाऱ्याचे वैभव याच थरात आहे. मुंबईसमोरील उथळ समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत पसरली आहे. पापलेट, बोंबील, बांगडा व कोळंबी याच उथळ पाण्यात मिळतात. अनेक जातींची पिले खाड्यांत व कांदळवनांत वाढतात. म्हणून खाडीत टाकलेला कचरा, तोडलेले कांदळवन व बारीक आसाच्या जाळ्यात सापडलेली पिले यांची हानी अखेर कोळी बांधवांच्याच पदरी पडते. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये पावसाळ्यात लागू होणारी मासेमारी बंदी ही या कोठाराच्या रक्षणासाठीच आहे. ग्रामपंचायतींनी गावाची खाडी स्वच्छ राखावी आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन हा धडा प्रत्यक्ष दाखवावा. अथांग सागराचे पोषण करणारा हा थर आपल्या दाराशीच आहे.