लॅपटॉपमधील पडद्यामागील कामे व वीजपुरवठा

विषयप्रवेश : अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी राहणारा एखादा प्राथमिक शिक्षक रात्री घरी लॅपटॉपवर उद्याच्या पाठाची चित्रे जमवितो व सकाळी खेड्यातील शाळेत जातो. तेथे वीज गेलेली असते. परंतु बॅटरी भरलेली असल्याने तो निश्चिंत असतो. पाठ रंगात येतो, मुले जवळ सरकून बसतात, आणि तोच पडदा काळा होतो. मुलांचा हिरमोड होतो व शिक्षक बॅटरीस दोष देतो. परंतु दोष प्रत्येक वेळी बॅटरीचाच असतो असे नाही.

विवेचन : पडद्यावर पाठ चालू असतानाच आत इतर कामेही चालू असतात. विषाणूंसाठी सर्व फाइली तपासणे, नवी आवृत्ती उतरवून घेणे, फाइलींच्या प्रती इंटरनेटवरील साठ्यात पाठविणे, ही त्यांपैकी काही होत. समजा, बॅटरीत ४० वॅट-तास वीज आहे. लॅपटॉपला ८ वॅट लागत असल्यास ती ५ तास पुरेल. या कामांमुळे १६ वॅट लागू लागल्यास अडीच तासांतच संपेल. विहिरीत पाणी बेताचे असता शेतकरी सर्व वाफ्यांत एकदम पाणी सोडीत नाही. तोच विवेक येथेही हवा.

कृती : विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्या असता 'टास्क मॅनेजर' उघडतो व कोणते काम यंत्रास राबवीत आहे ते दिसते. अनावश्यक कार्यक्रम आपोआप सुरू होत असल्यास तेथील 'स्टार्टअप' विभागातून ते बंद करावेत. ठरावीक वेळी करावयाच्या कामांसाठी 'टास्क शेड्यूलर' आहे. त्यातील 'कंडिशन्स' या भागात, वीज जोडलेली असेल तरच काम सुरू व्हावे व बॅटरीवर येताच थांबावे, अशी अट घालता येते. शिवाय बॅटरी विशिष्ट टक्क्यांखाली येताच बचतीची योजना आपोआप लागू होते. ती मर्यादा आपणांस ठरविता येते.

दक्षता : अपरिचित नावाचे काम बळेच बंद करू नये, ते यंत्राच्या मूळ व्यवस्थेचे असू शकते. विषाणूंपासून अखंड चालणारे संरक्षण बंद ठेवू नये. संपूर्ण तपासणी तेवढी पुढे ढकलावी. तसेच लॅपटॉप सदैव बॅटरीवरच वापरल्यास पुढे ढकललेली कामे कधीच पार पडणार नाहीत. म्हणून आठवड्यातून एखादी रात्र तो घरी वीज जोडून चालू ठेवावा.

स्वाध्याय : (१) आपल्या लॅपटॉपमधील पडद्यामागील पाच कामे लिहून काढावीत. त्यांपैकी पाठाच्या वेळी कोणती आवश्यक व कोणती थांबण्याजोगी, ते ठरवावे. (२) वरील व्यवस्था करण्यापूर्वी व केल्यानंतर तोच पाठ दाखवून बॅटरी किती टक्क्यांनी उतरली, याची नोंद ठेवावी. (३) वॅट-तासांचे उदाहरण पाचवीच्या मुलांकडून भागाकाराने सोडवून घ्यावे.