मोरे मैदानातला वारा

प्रश्न : माझा धाकटा भाऊ मनालीहून लेहला एकटाच सायकलवर गेला होता. पाच हजार मीटरच्या खिंडी चढल्याचं तो सहज सांगतो. पण पांगच्या पुढच्या मोरे मैदानाचा विषय निघाला की म्हणतो, ‘ताई, तिथे मात्र रडू आलं.’ सपाट रस्त्यावर माणूस एवढा कसा खचतो?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या भावाचा अनुभव अगदी खरा आहे. लांब पल्ल्याच्या एकट्या सायकलस्वारांना विचारा. चढाच्या आठवणी ते अभिमानाने सांगतील, पण समोरच्या वाऱ्याचं नाव काढलं की त्यांचा चेहरा बदलतो.

चढाचं गणित आधीच कळलेलं असतं. माणूस, सायकल आणि सामान मिळून वजन शंभर किलो धरलं, तर सहा टक्क्यांच्या चढावर ताशी ६ किलोमीटरने जायला साधारण १०० वॅट शक्ती लागते. सराव असलेली व्यक्ती तेवढी शक्ती तासन्‌तास देऊ शकते. शिवाय चढ किती उरला ते नकाशात दिसतं. त्याच रस्त्यावरच्या गाटा लूप्सची २१ वळणं मोजत मोजत संपवता येतात. आणि खिंड ओलांडली की उतार मिळतोच.

वाऱ्याचं तसं नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो वेग म्हणजे सायकल अन् समोरचा वारा यांची बेरीज. वारा नसताना ताशी १५ किलोमीटरने जाणाऱ्याच्या समोर तेवढ्याच वेगाचा वारा आला, तर हवेचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. सायकलच्या दोन्ही बाजूंना लटकलेल्या पिशव्या त्यात भरच घालतात. मोरे मैदान साधारण ४,७०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ असल्यामुळे तिचा रेटा समुद्रसपाटीपेक्षा कमी असतो, हे खरं. पण प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही निम्म्याहून थोडाच जास्त असतो, म्हणून या सवलतीचा फायदा अंगाला लागत नाही. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यासमोर ताशी १० किलोमीटरने जायचं म्हटलं, तर अंदाजे चार टक्क्यांचा चढ चढण्याइतका जोर लावावा लागतो. मैदान जवळजवळ चाळीस किलोमीटर लांब आहे. खंबाटकीचा घाट तुम्हाला ठाऊक आहेच. तो संपायचं नावच घेत नाही आणि पलीकडे उतारही नाही, अशी कल्पना करून पाहा.

हा वारा बहुधा दुपारीच का गाठतो? लडाखच्या उघड्या, कोरड्या जमिनीवर ऊन पडलं की ती भराभर तापते. उतारांवरची हवा गरम होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला दऱ्यांमधून हवा धावत येते. सकाळी शांत असलेल्या मैदानात दुपारी वारा वाहू लागतो आणि सूर्य कलल्यावर हळूहळू निवतो.

आता मुद्दा एकटेपणाचा, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चौघे एकामागोमाग एक चालले तर मागच्याचे कष्ट बरेच वाचतात, आळीपाळीने पुढे राहता येतं. एकट्याला तो आडोसा नाही. आणि वाऱ्यामुळे वेगाइतकाच पाणी-जेवणाचा हिशेबही कोलमडतो. संध्याकाळपर्यंत सत्तर किलोमीटर होतील या हिशेबाने पाणी घेतलेला माणूस पस्तिसावर अडकतो, आणि ‘तू थांब, मी पुढे जाऊन पाणी आणतो’ असं म्हणणारं कुणी नसतं. त्यात वाऱ्याचा आवाज दिवसभर कानात. तुमच्या भावाला आलेलं रडू दुबळेपणाचं नव्हतं. शरीर पुरतं राबत असताना डोळ्यांना मात्र पुढचा डोंगर तिथल्या तिथेच दिसत राहतो, तेव्हा भलेभले खचतात.

म्हणूनच पृथ्वीप्रदक्षिणेला निघणारे सायकलस्वार बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. दोन्ही गोलार्धांच्या मधल्या अक्षांशांत पश्चिमेचे वारे जास्त वाहतात. ते पाठीशी असलेले बरे. २०१७मध्ये ७९ दिवसांच्या आत प्रदक्षिणा पूर्ण करणारा स्कॉटलंडचा मार्क ब्यूमाँट पॅरिसहून पूर्वेलाच निघाला. २०१८मध्ये पुण्याची वेदांगी कुलकर्णी ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघाली, तीही पूर्वेकडेच. पर्थ सोडलं की पुढे नलारबरचं वृक्षहीन मैदान लागतं. त्या वाटेवर रस्ता एका टप्प्यात सुमारे १४६ किलोमीटर एकही वळण न घेता जातो. अशा जागी वारा समोरून आला तर काय होईल, ते आता तुम्हाला सांगायला नको. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, पॅटागोनियात, तर पश्चिमेचा वारा आडवा येऊन सायकलसकट माणसाला रस्त्यावरून ढकलतो. त्या अक्षांशांवर त्याला अडवायला जमीनच फार थोडी आहे.

तुमचा भाऊ पुन्हा जाणार असेल, तर त्याला उजाडताच निघायला आणि मैदान दुपारच्या आत ओलांडायला सांगा. लवकर निघण्याचा आणखी एक उपयोग आहे. रस्त्यावरून वाहणारे नाले उन्हाने बर्फ वितळलं की दुपारी फुगतात, सकाळी त्यांना पाणी कमी असतं. सोबत एका दिवसाचं जादा खाणं ठेवावं. समोरचा वारा अंगावर आला की दात-ओठ खाऊन वेग टिकवण्यापेक्षा सरळ हलका गिअर टाकावा, अंग वाकवावं आणि किलोमीटरऐवजी तास मोजावेत. तरीही जमेना, तर उतरून सायकल ढकलत चालावं. त्यात काहीही कमीपणा नाही. आणि डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर वाऱ्याला दोष देत पुढे रेटू नये. ती उंचीची बाधा असू शकते. तेव्हा थांबावं आणि त्रास वाढला तर मिळेल त्या गाडीने खाली उतरावं.