निसर्गपाठ : शिंजीर पक्षी

फुलांतील मध चोखणारा चिमुकला, चकाकणारा पक्षी दिसला की त्यास पुष्कळदा ‘हमिंगबर्ड’ म्हटले जाते. हे नाव चुकीचे आहे. हमिंगबर्डच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. परंतु त्या सर्व अमेरिका खंडांतील असून त्यांपैकी एकही भारतात आढळत नाही. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात वीण करणारा लाल कंठाचा हमिंगबर्ड अवघा तीन ग्रॅमच्या आसपास भरतो व हिवाळ्यात मध्य अमेरिकेकडे जातो. त्याचे आप्त पाकोळ्या होत. आपल्याकडील शिंजीर अथवा सूर्यपक्षी हा चिमणी-बुलबुलांच्या गणातील. हमिंगबर्ड हवेत स्थिर राहून मध पितो; शिंजीर बहुधा फांदीवर बसूनच पितो. हा भेद मुलांना प्रत्यक्ष पाहून सांगता येईल.

जांभळा शिंजीर माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांतही राहतो. लांबी सुमारे १० सेंटिमीटर, चोच बाकदार. विणीच्या काळात नर दुरून काळा दिसतो. ऊन पडताच निळा-जांभळा झळकतो. हंगाम संपला की तो मादीसारखा पिवळट-तपकिरी होतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी मात्र उरते. या वेषात त्यास निराळी जात समजण्याची चूक सहज होते. पंचरंगी शिंजिराचा नर असा वेष पालटीत नाही. त्याचे पोट पिवळे व पाठ तांबूस असते. तिसरा, लाल पाठीचा शिंजीर, केवळ पश्चिम घाटाचा रहिवासी होय. कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. तो पाहण्यास महाबळेश्वर वा कोयनेच्या रानातच गेले पाहिजे.

पांगारा, काटेसावर, जास्वंद अथवा आंब्यावरील बांडगूळ फुललेले असेल तेथे पाठ घ्यावा. खिडकीच्या काचेवर चोच मारणारा नर दिसल्यास तो आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत आहे, हे मुलांना ओळखू द्यावे.

घरटे मादी एकटीच बांधते. कोळ्याची जाळी, सालपटे, वाळका पाला यांची ती लोंबती पिशवी असून दारावर छोटीशी पडवी असते. वऱ्हांड्यातील तारेलाही ती टांगलेली आढळते व केरकचरा समजून झाडली जाते. आत बहुधा दोन अंडी असतात. पिले उडून जाईपर्यंत त्या बाजूची जळमटे काढू नयेत.