चाळिशीतले पाय शर्यत जिंकू शकतात का?

प्रश्न : जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, ती पाहायला मुलांना घेऊन गेलो होतो. बहुतेक खेळाडू अगदी कोवळ्या वयाचे दिसले. सायकलच्या शर्यतीत पस्तिशी उलटली की जिंकणे संपते का? की त्यानंतरही कुणी जिंकत राहते? माझे वय ४३. शेती सांभाळून रोज पहाटे सायकल चालवतो. मी शर्यतीत उतरण्यात काही अर्थ आहे का?
– एक वाचक, महाळुंगे पडवळ, ता. आंबेगाव

उत्तर : पस्तिशीनंतरही जिंकता येते, चाळिशीनंतरही जिंकता येते, मात्र प्रत्येक शर्यत नाही आणि दर आठवड्याला नाही. वय सायकलपटूची सगळी ताकद एकदम काढून घेत नाही. काही गोष्टी लवकर जातात, काही फार उशिरा. आपले काय गेले आणि काय उरले हे ज्याला नेमके कळते, तो उतारवयातही पहिला येतो.

आधी शरीराचे पाहू. श्वासातून घेतलेला जास्तीत जास्त किती प्राणवायू स्नायू वापरू शकतात, यावर सायकलपटूची मूळ ताकद ठरते. बैठे काम करणाऱ्या माणसात ही क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण १० टक्क्यांनी घटते. कसून सराव चालू ठेवणाऱ्यात ही घट जवळपास निम्म्यावर येते. हृदयाचे कमाल ठोके वयाबरोबर कमी होतात, ते कुणालाच टळत नाही. झटक्यात जोर लावणारे स्नायूंचे धागेही बारीक होत जातात, म्हणून शेवटच्या दोनशे मीटरमधली उसळी आधी मंदावते. पण एका ठरावीक जोराने तासन्‌तास पायडल मारत राहण्याची ताकद बराच काळ टिकते. घाट चढणारे आणि लांब पल्ल्याचे खेळाडू उशिरापर्यंत जिंकताना दिसतात ते यामुळेच.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो थकवा भरून निघण्यात. आपल्या विहिरीचेच पाहा. पावसाळ्यानंतर दिवसभर उपसा केला तरी सकाळी पाणी वर आलेले असते; उन्हाळ्यात तीच विहीर भरायला दोन दिवस घेते. पंचविशीतला खेळाडू आज दोनशे किलोमीटर पळून उद्या पुन्हा तितकेच पळतो. अडतिशीतला खेळाडू आज त्याच्या बरोबरीने पळेल. प्रश्न उद्याचा आणि परवाचा असतो. म्हणूनच उतारवयातले मोठे विजय बहुधा एका दिवसाच्या शर्यतीत किंवा एखाद्या निवडक टप्प्यावर मिळालेले आहेत.

हॉलंडचा यॉप झुटेमेल्क १९८५ मध्ये ३८ व्या वर्षी रस्त्यावरच्या सायकल शर्यतीचा विश्वविजेता झाला. तरुण दावेदार एकमेकांवर नजर ठेवून होते, तेवढ्यात शेवटच्या टप्प्यात तो पुढे निसटला. त्याच्याहून जास्त वयाचा विश्वविजेता पुरुषांत अजून झालेला नाही. दोन वर्षांनी, चाळीस वर्षांचा असताना, त्याने अ‍ॅम्स्टेल गोल्ड ही एकदिवसीय शर्यतही जिंकली. स्पेनच्या अलेहांद्रो वाल्व्हेर्देचा २०१७ च्या टूर द फ्रान्समध्ये पहिल्याच दिवशी गुडघा फुटला; पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियात इन्सब्रुकच्या चढांवर तो ३८ व्या वर्षी विश्वविजेता झाला आणि ४२ व्या वर्षापर्यंत खेळला. त्याच्या नावावर उत्तेजकांच्या प्रकरणातली जुनी बंदीही आहे. उशिरापर्यंत टिकलेल्या खेळाडूंच्या कथा ऐकताना ही बाजू झाकून ठेवू नये.

तीन आठवड्यांच्या शर्यतीत मात्र वय जास्त जाचते. टूर द फ्रान्सचा सर्वांत वयस्क विजेता बेल्जियमचा फिर्मिन लाँबो. १९२२ मध्ये तो ३६ वर्षांचा होता. शंभर वर्षे उलटली तरी तो उच्चांक कायम आहे. दुसऱ्या बाजूला तादेय पोगाचारने २०२० मध्ये वयाच्या २१ व्या वर्षी ही शर्यत जिंकली. तरीही अपवाद आहे. अमेरिकेचा ख्रिस हॉर्नर २०१३ मध्ये ४१ व्या वर्षी स्पेनची व्हुएल्ता जिंकला, तेही इटलीच्या व्हिन्चेन्झो निबालीला ३७ सेकंदांनी मागे टाकून. त्या वर्षी गुडघ्याच्या दुखण्यामुळे तो बरेच महिने शर्यतींपासून दूर होता. इतर खेळाडू हंगामभर झिजून आले, तो ताज्या पायांनी आला. एवढे करूनही पुढच्या हंगामासाठी संघ मिळायला त्याला वाट पाहावी लागली, कारण संघ करार करताना जन्मसाल आधी पाहतात. बरेच खेळाडू पाय थकण्याआधी करार संपल्यामुळे निवृत्त होतात.

वेगाची उसळी आधी जाते असे वर म्हटले. मग ब्रिटनच्या मार्क कॅव्हेंडिशने ३ जुलै २०२४ रोजी ३९ व्या वर्षी टूर द फ्रान्समधला ३५ वा टप्पा जिंकून एडी मर्क्सचा विक्रम कसा मोडला? त्याआधीच्या वर्षी तो पडला होता, गळपट्टीचे हाड मोडले होते. उत्तर त्याच्या बसण्यात आणि डोक्यात आहे. तो हँडलवर इतका खाली वाकून चालवायचा की वाऱ्याचा विरोध कमी व्हायचा. दुसऱ्याच्या मागे राहिल्याने बरीच शक्ती वाचते; कुणाच्या मागे राहायचे आणि कोणत्या क्षणी बाहेर पडायचे, हे त्याला वर्षानुवर्षांच्या सरावातून उमगले होते. जोर थोडा घटला तरी तो वाया कमी जात होता. अनुभवाचा सायकलीवरचा अर्थ हाच.

स्त्रियांमध्ये क्रिस्टिन आर्मस्ट्राँगचे उदाहरण ठळक आहे. २००८, २०१२ आणि २०१६ अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये तिने एकट्याने घड्याळाविरुद्ध सायकल चालवण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. तिसरे पदक मिळाले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा ४३ वा वाढदिवस होता, म्हणजे आज तुमचे जे वय आहे तेच.

आता आपल्या मातीतले. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तो मान बहुधा तरुणांच्याच वाट्याला येतो. पण पल्ला लांबला की चित्र बदलते. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली. असे करणारा तो पहिला भारतीय संघ. दोघेही तेव्हा चाळिशीच्या आसपास होते आणि दवाखाना सांभाळून सराव करत होते. २०१७ मध्ये सैन्यातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकेकट्याने पूर्ण केली. ज्या खेळात धीर, झोपेचा हिशेब आणि खाण्यापिण्याचे भान लागते, तिथे वय आड येत नाही, उलट हाताशी येते.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर : उतरा, पण शर्यत निवडून. वेगाच्या छोट्या शर्यतीत पंचविशीतल्या पोरांशी झुंजण्यापेक्षा ‘ब्रेव्हे’पासून सुरुवात करा. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात, पहिला-दुसरा क्रमांक नसतो. पुढे ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरचे टप्पे आहेत. सरावाला घोडेगाव–डिंभे–भीमाशंकर हा चढाचा रस्ता तुमच्या दाराशी आहे.

काही गोष्टी पाळा. सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या. जोराचा सराव आठवड्यातून दोनदाच. मधल्या दिवशी बोलता येईल इतक्या संथ गतीने चालवा. शेतात खोदाई किंवा ओझी उचलण्याचे काम झाले असेल, तर तोही सरावच धरा आणि त्या दिवशी सायकलला विश्रांती द्या. सायकलवर हाडांवर भार पडत नाही, म्हणून उठाबशा आणि वजन उचलण्याचे व्यायाम आठवड्यातून दोनदा करा. जेवणात डाळ, कडधान्य, दूध, अंडी वाढवा. आणि जुन्नर–आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, तेव्हा पहाटेच्या अंधारात एकटे निघू नका. उजाडल्यावर, सोबतीने, पुढे-मागे दिवा लावून निघा.

फ्रान्सच्या रोबेर मार्शाँ यांनी १०५ व्या वर्षी तासाभरात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवली. त्याआधी त्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना आढळले की १०१ ते १०३ या वयात, नीट आखलेल्या सरावाने, त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढली होती. त्रेचाळीस हे थांबण्याचे वय नाही. थकवा भरून निघायला पुरेसा वेळ द्या आणि या हिवाळ्यात पहिल्या दोनशे किलोमीटरसाठी नाव नोंदवा.